बाघच्या दगडांवर रंग चढवू नका

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची चित्रं काढावीत, भरपूर काढावीत, आणि आपल्या भागातल्या प्राण्यांची चित्रं इंदूर-धारच्या चित्रकारांनीच काढावीत, असं माझं ठाम मत आहे. ती जीवाश्माच्या दगडावर मात्र काढू नयेत, हेही तितकंच ठाम मत आहे. बरीच वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे चित्रकाराचा हात थांबवा असं म्हणणं मला जड जातं. तरीही म्हणतो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात इंदूरमधल्या एका हस्तकला प्रदर्शनात तळहाताहून थोडा मोठा, फिकट पिवळट चुनखडीचा एक तुकडा विकायला होता. मधोमध अमोनाइटचा, म्हणजे माकूळासारख्या एका नामशेष सागरी प्राण्याचा, वेटोळा शंख अर्धा दगडातून वर आलेला. त्याच्या भोवती निळा-हिरवा समुद्र रंगवलेला, शंखाच्या तोंडातून लालसर भुजा बाहेर काढलेल्या, मागे दोन मासे आणि कोपऱ्यात लांब मानेचा एक सागरी सरपटणारा प्राणी. वरून चकचकीत वॉर्निश. काम घाईने उरकलेलं नव्हतं. शंखाच्या कडेची सावली इतकी नेमकी उतरली होती, की दगडाचा उंचवटा कुठे संपतो आणि रंगातली सावली कुठे सुरू होते हे बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. अशी कला जगात बऱ्याच ठिकाणी चालते आणि तिला गिऱ्हाईकही आहे. दगड कुठला म्हणून विचारलं तर विक्रेता म्हणाला, "उधर धार साइड का है, साहब." गाव कोणतं, नाला कोणता, दगड उघड्यावर पडलेला होता की खडकातून काढला, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने तो दुसऱ्याकडून घेतला होता.

पहिलं नुकसान इथेच झालं, रंगाचा पहिला हात लागण्याच्याही आधी.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ, मनावर, कुक्षीच्या परिसरात खडकांचे थर एकावर एक असे रचले गेले आहेत, की टेकडी चढणारा माणूस काळातून चढत असतो. तळाशी निमाड वालुकाश्म, जुन्या नद्यांच्या वाळूचा. बाघची बौद्ध लेणी याच दगडात खोदलेली आहेत. त्याच्यावर चुनखडी, कारण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. अमोनाइट, कालवं, समुद्री अर्चिन, शार्कचे दात हे सगळं त्या चुनखडीत सापडतं. समुद्र हटल्यावर जी जमीन उघडी पडली तिचे थर म्हणजे लॅमेटा, आणि त्यांत डायनोसॉरची घरटी. सगळ्यांच्या डोक्यावर काळा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचीच झीज होऊन माळव्याची काळी माती झाली, आणि आपलं इंदूर त्याच लाव्ह्याच्या पठारावर वसलं आहे.

तो समुद्र नेमका कधी आला, किती काळ टिकला, एकदा आला की पुन्हापुन्हा, यावर भूवैज्ञानिकांत दीडशे वर्षं खल चालू आहे. त्याचा निकाल बहुतेक वेळा असल्या शंखांवरच लागतो. कोणता अमोनाइट कोणत्या थरात मिळाला यावरून थराचं वय ठरतं. गाव-नाला-थर माहीत नसलेला शंख या कामाला निरुपयोगी. तो सुंदर असतो, पण त्याची साक्ष घेता येत नाही.

आता रंगाकडे येतो. बाघच्या अमोनाइटांत प्लॅसेंटिसेरास नावाची जात मिळते. अमोनाइटचा शंख आतून कप्प्याकप्प्यांचा असतो. कप्प्यांच्या भिंती बाहेरच्या कवचाला जिथे टेकतात तिथे एक वळणावळणाची, फांद्या फुटलेली रेषा उमटते, तिला शिवणरेषा म्हणतात. कवच झिजून आतला दगडी साचा उघडा पडला की ती रेषा दिसते, आणि जात ओळखायची मोठी खूण तीच. नुसत्या डोळ्यांना ती केसासारखी बारीक दिसते. तिच्यावर वॉर्निशचा एक थर बसला की ती बुजते. आणि चित्रकाराला ती नकोच असते. त्याला हवा असतो गुळगुळीत, चमकणारा शंख. रंग नीट बसावा म्हणून दगड आधी घासला जातो, त्या घासण्यातही ती जाते. चुनखडी सच्छिद्र असल्यामुळे पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग पृष्ठभागावर थांबत नाही, आत मुरतो. नंतर कुणी काढू म्हटलं तर द्रावक वापरावा लागतो, आणि द्रावक रंगाला आणखी खोल ढकलू शकतो.

प्लॅसेंटिसेरासचंच एक परदेशी उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. उत्तर अमेरिकेत या जातीचे शंख मिळाले, त्यांवर गोल भोकांच्या रांगा होत्या. १९६० साली दोन संशोधकांनी मांडलं की हे मोसासॉर या प्रचंड सागरी सरड्याच्या दातांचे घाव आहेत. चित्रांना उत्तम विषय मिळाला: जबड्यात शंख, उसळलेलं पाणी. मग १९९८ मध्ये दुसऱ्या गटाने प्रयोग करून म्हटलं, की दाबाखाली कवच असं फुटत नाही. ही भोकं शंखाला चिकटून राहणाऱ्या लिंपेट नावाच्या छोट्या गोगलगायींच्या बैठकींची असावीत. वाद त्या भोकांच्या कडांवर चालला. कडा आत मुडपलेल्या आहेत की झिजलेल्या, तडे कोणत्या दिशेने गेले आहेत, हे पाहूनच. एखाद्याने ती भोकं भरून त्यांवर मोसासॉर रंगवला असता, तर तो वाद घालायलाही काही उरलं नसतं.

चित्र म्हणजे त्या दिवसापर्यंतचा समज. दगड त्या समजापेक्षा जास्त काळ टिकतो, आणि पुढच्या माणसाला वेगळं काही सांगतो. माझं सगळं म्हणणं याच्याभोवती फिरतं, म्हणून आपल्या शेजारचं एक उदाहरण सविस्तर देतो.

गुजरातमधल्या ढोली डुंगरी या गावाजवळ १९८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना चुनखडीच्या एका तुकड्यात डायनोसॉरची अंडी आणि बारीक हाडं मिळाली. अंड्यांशेजारची हाडं म्हणजे नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची, असं तेव्हा समजलं गेलं, आणि तसंच प्रसिद्धही झालं. ते चूक नव्हतं. पिल्लू तिथे होतंच. २००१ मध्ये अमेरिकन संशोधक जेफ्री विल्सन यांनी तोच तुकडा पाहिला, तेव्हा त्यांना काही मणक्यांची एकमेकांत अडकण्याची ठेवण डायनोसॉरची वाटली नाही. ती सापाची होती. पुढची काही वर्षं दगड हळूहळू साफ करण्यात आणि अभ्यासण्यात गेली. २०१० साली जगासमोर आलं ते असं: घरट्यात तीन अंडी, त्यांतलं एक फुटलेलं, शेजारी सुमारे अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप. कदाचित एखाद्या पावसाळी वादळात सगळे एकदम गाडले गेले. सापाचं नाव सनाजेह इंडिकस.

विचार करा, १९८४ साली तो तुकडा एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागला असता आणि त्याने चित्रकाराला दिला असता. चित्रकाराने तेव्हाच्या माहितीप्रमाणे, अगदी प्रामाणिकपणे, काय रंगवलं असतं? अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू, वर झुकलेली आई, मागे नेच्याची झाडं. त्या आईचे पाय कदाचित सापाच्या मणक्यांवरच उमटले असते. सव्वीस वर्षांनंतर जी कथा दगडाने सांगितली, ती कुणालाही कधीच कळली नसती. आणि ती कथा कुठल्याही चित्रकाराच्या कल्पनेपेक्षा मोठी आहे.

वर झुकलेली आई मी सहज लिहून गेलो, कारण डायनोसॉरच्या अंड्यांचं चित्र म्हटलं की तीच येते. लहान मुलांच्या पुस्तकांत ती आहे, पार्कांतल्या पुतळ्यांतही असते. आपल्या भागातली अंडी मात्र वेगळंच काही सुचवतात. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धार जिल्ह्यातल्या नर्मदा खोऱ्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांच्याबरोबर या कामात धारचे विशाल वर्मा होते, जे स्वतः शाळेत शिकवत आणि सुट्टीत हा परिसर पायी पालथा घालत आले आहेत. घरटी इतकी जवळजवळ आहेत की त्यांच्यामधून एवढ्या महाकाय प्राण्याला वावरता येणं कठीण. म्हणून या टायटनोसॉर, म्हणजे लांब मानेच्या डायनोसॉरच्या, माद्या मगरीसारख्या उथळ खड्ड्यात अंडी पुरून निघून जात असाव्यात, पिल्लं सांभाळत नसाव्यात, असं संशोधकांचं मत आहे. म्हणजे त्या अंड्याच्या दगडावर प्रेमळ आई रंगवणं हे त्याच दगडाच्या साक्षीच्या विरुद्ध जाणं होईल. उद्या आणखी पुरावा येईल आणि आई परतही येईल, कोण जाणे. पण येईल ती दगडातून यावी.

बाघजवळच्या पाडल्या गावचं एक अंडं तर याहून नवलाचं आहे. दहा अंड्यांच्या एका घरट्यात एका अंड्याला कवचाचे दोन गोल थर दिसले, मध्ये बरीच पोकळी ठेवून. बाहेरच्या अंड्याचा व्यास १६.६ सेंटिमीटर, आतल्याचा १४.७. अंड्यात अंडं! असा प्रकार पक्ष्यांमध्ये माहीत आहे: तयार झालेलं अंडं मादीच्या शरीरात उलटं मागे सरकतं आणि पुढच्या अंड्यात जाऊन बसतं. कासवासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत कवचावर कवच चढलेलं दिसतं, पण असं अंड्यात अंडं नाही. म्हणून २०२२ च्या शोधनिबंधात म्हटलं गेलं, की या डायनोसॉरची अंडी तयार होण्याची यंत्रणा पक्ष्यांच्या जवळची असावी. हे कळलं कशावरून? झिजलेल्या गोळ्याच्या कापावर दिसणाऱ्या, काही मिलिमीटर जाडीच्या दोन वर्तुळाकार रेषांवरून, आणि मग कवचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. उघड्यावर पडलेला तो गोळा अनोळखी माणसाला अर्धवट फुटलेला, काहीसा बेढब दगड वाटला असता. रंगवायला कुणी देणार असेल तर असलाच देईल, "हा तर मोडकाच आहे" म्हणून.

इथे मला पहिला प्रतिवाद ऐकू येतो, आणि तो हलका नाही. लोक म्हणतात: अहो, तिथे शेतकरी हे दगड बांधाला लावतात, रस्त्याच्या खडीत जातात, पावसात वाहून जातात, चित्रकाराने एखादा उचलून घरात मानाने ठेवण्याजोगा केला तर तो वाचलाच की! बांधात जाणारे दगड खरोखरच जातात, आणि ती हानी खरीच आहे. पण रंगवलेला दगड विकला जाऊ लागला की तो बांधातून उचलला जात नाही. बांधातला दगड तुटका, झिजलेला असतो. गिऱ्हाइकाला हवा असतो अख्खा शंख, गोल अंडं. मग तो छिन्नी-हातोड्याने खडकातून काढला जातो, आणि एक अख्खा काढताना शेजारचे चार फुटतात. मोरोक्कोत जीवाश्मांचा मोठा बाजार आहे. तिथे ट्रायलोबाइट हे कवचाचे प्राचीन सागरी प्राणी घडवून, जोडून, रेझिनने भरून विकण्याचाही धंदा उभा राहिला, आणि खरं-खोटं ओळखणं जाणकारांनाही अवघड झालं. रंग हा तर जोड लपवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. बाघच्या दगडांचा असा बाजार मला नको आहे.

एक सवलत मात्र मी मनापासून देईन. राजस्थानात जैसलमेरजवळ हाबूर गावचा पिवळा दगड आहे, शंखशिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेला. तो खाणीतून निघतो, फरशीला वापरतात, त्याची भांडीही करतात. तिथल्या कापून उरलेल्या तुकड्यावर कुणी चित्र काढलं तर माझं भांडण नाही. खाण ठाऊक, थर ठाऊक, तोच दगड ढिगाने उपलब्ध, आणि खोदकाम चित्रासाठी होत नाही. बाघची गोष्ट तशी नाही. तिथे काय-काय आहे याची मोजणी अजून चालू आहे.

दुसरा प्रतिवाद माझ्या जिव्हाळ्याचा आहे: उघडा दगड सामान्य माणसाशी बोलत नाही, चित्र काढलं की बोलतो. अगदी बरोबर. १८३० साली इंग्लंडमध्ये भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश यांनी जलरंगात एक चित्र केलं: मेरी अ‍ॅनिंग हिने लाइम रेजिसच्या कड्यांतून काढलेले सगळे प्राणी एकाच समुद्रात, जिवंत, एकमेकांना खाताना. जीवाश्मांवरून प्राचीन जीवनाचं असं भरलेलं दृश्य उभं करण्याची वाट त्या चित्राने पाडली. त्याच्या छापील प्रती विकल्या गेल्या आणि पैसे मेरीला मिळाले, जी कष्टाने जीवाश्म शोधायची आणि तेव्हा तंगीत होती. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. चित्र झालं, लोकांना तो काळ दिसला, जिने प्राणी शोधले तिच्या चुलीला आधार मिळाला, आणि हे सगळं कागदावर झालं. तिच्या एकाही दगडाला रंग लागला नाही.

याच गावची उलट बाजूचीही एक गोष्ट आहे, ती लपवणार नाही. बेलेम्नाइट या माकूळासारख्या प्राण्याच्या जीवाश्मात शाईची पिशवी टिकून राहिलेली मेरीला मिळाली होती. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती कोट्यवधी वर्षांची शाई पाण्यात उगाळून इक्थिओसॉर या माशासारख्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी रेखाटली. म्हणजे चित्रासाठी जीवाश्म खर्ची पडला. तरी मी तिला दोष देणार नाही. तिने जे रेखाटलं ती एका खऱ्या कवटीची नोंद होती. शाई कुठून आली हेही तिने लिहून ठेवलं. आणि शाई अजून शाईसारखीच चालते हे त्या प्रयोगातून दिसलं. दगडाकडून काही घेतलं आणि त्याबद्दलचं ज्ञान वाढवलं. प्रदर्शनातल्या त्या शंखाबाबत असं काही झालं नव्हतं.

आपल्याकडे तर याची परंपरा आहे, आणि ती मराठी माणसांना नीट ठाऊक असायला हवी. बाघची लेणी तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होती. १९२१ साली शिंदे दरबाराच्या निमंत्रणावरून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर यांच्याबरोबर आपटे, भोंसले, भांड, जगताप हे चित्रकारही तिथे गेले आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा तेव्हा मो. ब. गर्दे यांच्याकडे होती. लेण्यांतला दगड ठिसूळ, पाणी झिरपणारा. मूळ चित्रं बरीचशी गेली. त्या काळी काय दिसत होतं हे आज आपण ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या प्रतींवरून समजून घेतो. भित्तिचित्र विटलंय, रंग उडालाय, म्हणून या चित्रकारांनी मूळ चित्रावर कुंचला फिरवला असता तर? त्यांच्या हातात नक्कीच तेवढं कसब होतं. त्यांनी ते केलं नाही. शेजारी कागद-कापड लावलं आणि त्यावर आपलं कसब वापरलं. उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनीही, ज्यांनी १९५७ मध्ये भीमबेटका शोधलं, शैलचित्रांच्या प्रती उतरवण्यात आयुष्य घालवलं.

भीमबेटकावरून आणखी एक आठवलं. २०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केलं, की तिथल्या एका गुहेच्या छताला डिकिन्सोनिया या पृथ्वीवरच्या अतिप्राचीन प्राण्याचा ठसा आहे. जगभर बातम्या झाल्या. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं, तर तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष निघाला, आणि पहिल्या संशोधकानेही ते मान्य केलं. छत जसंच्या तसं होतं म्हणून हे दोन वर्षांत सुटलं.

श्रद्धेचा मुद्दाही काही जण काढतात. पाडल्याच्या काही घरांत हे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजले जात होते, हे २०२३ च्या अखेरीस बातम्यांत आलं, तेव्हा शहरात काहींनी त्या लोकांना हसून घेतलं. मला ते आवडलं नाही. शेताचं आणि गुराढोरांचं रक्षण करणारा देव म्हणून त्यांनी ते जपले, फोडले नाहीत. आपल्याही देवघरात शाळिग्राम असतो. गंडकी नदीतला तो काळा गुळगुळीत गोटा फोडला तर आत अमोनाइटच असतो. आपण त्याला स्नान घालतो, गंध-तुळस वाहतो, दुसऱ्या दिवशी धुतो. त्याच्यावर दृश्य रंगवून वॉर्निश मारावं असं कुणाच्या मनात येत नाही. ज्याला आपण मानतो त्याचा पृष्ठभाग आपण आपल्या हौशीसाठी वापरत नाही. पाडल्याच्या लोकांना हे कळतं. बाजाराला कळावं अशी माझी इच्छा आहे.

कायद्यावर फार विसंबता येत नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा मुख्यतः माणसाने घडवलेल्या जुन्या वस्तूंसाठी आहे. अंडं डायनोसॉरने घातलेलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यावर, सगळे अधिकार एकाच खात्याच्या हाती जातील आणि संशोधकांचीच अडचण होईल, असे आक्षेप आले. मला त्यांत तथ्य वाटतं. पण कायदा येईस्तोवर आपण गिऱ्हाईक म्हणून काय विकत घेतो, हे तर आपल्या हातात आहे ना?

मग चित्रकाराने काय रंगवावं? या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय माझा विरोध पोकळ ठरेल. बाघच्या डायनोसॉर जीवाश्म पार्कात आणि इंदूरच्या शाळांत-संग्रहालयांत भिंती मोकळ्या आहेत. त्या भिंतींवर परदेशी पुस्तकांतून उचललेला टी-रेक्स नको. तो इथे कधी नव्हता. इथला समुद्र हवा, त्यातले शार्क हवेत, कालवांची खडकाळ उथळ जागा हवी, मग पुढच्या दृश्यात शेकडो उथळ खड्डे आणि लांब मानेच्या माद्यांची पाठमोरी, निघून जाणारी रांग. हे दृश्य एखाद्या चांगल्या चित्रकाराने मनावर घेतलं तर पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. प्रदर्शनातल्या त्या दगडावर लांब मानेचा प्राणी होता. बाघला दात सापडलेला शार्क नव्हता. चित्रकाराला कुणी सांगितलंच नव्हतं! भूविज्ञानाचा एक माणूस आणि चित्रकार आठवडाभर एकत्र बसले तर असं होणार नाही. ज्या शहरात दत्तात्रय देवळालीकरांनी १९२७ साली चित्रशाळा सुरू केली आणि जिथून बेंद्रे, हुसेन निघाले, तिथे चांगला हात मिळत नाही असं कुणी म्हणू नये.

विकायच्या वस्तूंसाठी साचे आहेत. जाणकाराच्या देखरेखीखाली एका चांगल्या अमोनाइटचा किंवा अंड्याचा साचा घेतला, किंवा थ्रीडी स्कॅन केला, की त्यावरून प्लास्टरच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. शिवणरेषेसकट निघतात. त्यांवर रंगवा, खुशाल, समुद्र, भुजा, मासे, वॉर्निश, सगळं. चित्रकाराला पुढच्या कामासाठी कुणी डोंगर फोडण्याची वाट पाहावी लागणार नाही. बाघचे खत्री कारागीर ठप्प्यांनी कापड छापतात. अमोनाइटचं वेटोळं आणि अर्चिनचा पाच पाकळ्यांचा तारा ठप्प्यात कोरायला किती सुरेख आहे हे त्यांना सांगायची गरज नाही. बाघची ओढणी घेणारी बाई बाघचा समुद्रही घरी नेईल.

माणसाला खरा तुकडा हातात धरण्याचा आनंद वेगळा असतो आणि प्लास्टरने तो मिळत नाही, हे मी जाणतो. तो आनंद मुलांच्या डोळ्यांत मी पाहिलेला आहे. म्हणून माझी मागणी अशी, की संग्रहालयांनी काही खरे, नोंद झालेले, झिजलेले नमुने हातात घेण्यासाठी ठेवावेत. काचेबाहेर, टेबलावर, शेजारी एक माणूस उभा करून. बाघला जाणाऱ्या शाळेच्या सहलीला तासभर त्या टेबलापाशी बसवावं. विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा ते बरं.

ज्यांच्या घरात असा रंगवलेला दगड आधीच आला आहे, त्यांना हात जोडून एवढं सांगायचं आहे: तो खरवडू नका, थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, घासणीने तर मुळीच घासू नका. जिथून घेतला तिथे पुन्हा विचारा, आणि दुकानदाराला आठवत असेल ते, गावाचं नाव, आणणाऱ्याने सांगितलेली एखादी टेकडी, नाल्याचं नाव, एका कागदावर लिहून दगडाबरोबर ठेवा. मागची बाजू बहुतेक कोरी असते. तिचा आणि कडांचा चांगल्या उजेडात फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून. मग तो दगड आणि कागद एखाद्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात दाखवून आणा. मागच्या बाजूलाही कधीकधी कवचाची एखादी कड दिसते.